क्वेर्सेटिन : एका पिवळ्या रेणूच्या अभ्यासाकडे जाताना

वनस्पतीजन्य पदार्थांचे रसायनशास्त्र शिकू पाहणाऱ्यापुढे पहिली अडचण उभी राहते ती विस्ताराची. अल्कलॉइडे, टर्पिने, टॅनिने, फ्लॅवोनॉइडे अशी मोठमोठी कुळे आहेत आणि प्रत्येक कुळात असंख्य सभासद. एकट्या फ्लॅवोनॉइडांचेच काही हजार वेगवेगळे रेणू आजवर ओळखले गेले आहेत. एवढ्या पसाऱ्यात शिरण्याची एक चांगली वाट अशी, की एकच रेणू निवडावा, त्याची नीट ओळख करून घ्यावी आणि मग त्याच्या सोबतीने बाकीच्या कुळात हिंडावे. प्रस्तुत पुस्तक त्या वाटेने जाते. त्याने निवडलेला रेणू आहे क्वेर्सेटिन.

ही निवड मला मनापासून पटली. क्वेर्सेटिन दुर्मिळ नाही. चहात, सफरचंदाच्या सालीत, शेवग्याच्या पाल्यात, पेरूच्या पानांत, कापसाच्या फुलांत तो निरनिराळ्या शर्करांशी जोडलेल्या रूपांत सापडतो. आणि कांद्यात तर तो विपुल आहे. भाजी चिरायला बसल्यावर कांद्याचे जे कोरडे पापुद्रे आपण आधी काढून टाकतो, त्यांच्या पिवळसर-तांबूस रंगात त्याचा मोठा वाटा असतो. नाशिक, पुणे, नगर, सोलापूर या जिल्ह्यांत पिकणाऱ्या कांद्याचा विचार केला तर हा रेणू महाराष्ट्राच्या शेतांतून दरवर्षी किती मोठ्या प्रमाणावर तयार होत असेल, याची कल्पना वाचकांनी स्वतःच करावी. परिचित वस्तूत दडलेले विज्ञान शिकायला सोपे असते असे नाही, पण त्याची ओढ लवकर लागते. नवख्या वाचकाला सुरुवातीला हवी असते ती ओढच.

या रेणूचा इतिहास औषधांच्या दुकानात सुरू होत नाही, तो रंगाऱ्यांच्या कढईत सुरू होतो. उत्तर अमेरिकेतल्या काळ्या ओक वृक्षाच्या सालीत एक तेजस्वी पिवळा रंग असतो, हे एडवर्ड बॅन्क्रॉफ्ट यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडच्या रंग-उद्योगाला दाखवून दिले. हे बॅन्क्रॉफ्ट मोठे विलक्षण गृहस्थ होते. वैद्य, निसर्ग-अभ्यासक, रंगतज्ज्ञ, आणि अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात दोन्ही बाजूंना माहिती पुरवणारा हेर अशा सगळ्या भूमिका त्यांच्या एकाच आयुष्यात मावल्या. त्यांचा सालीचा रंग युरोपभर खपला. त्या सालीत असते ते क्वेर्सिट्रिन, म्हणजे रॅम्नोज या शर्करेला जोडलेले क्वेर्सेटिन.

पुढे १८५६ साली विल्यम हेन्री पर्किन यांनी जांभळा कृत्रिम रंग तयार केला आणि वनस्पतींच्या रंगांचा व्यापार हळूहळू ओसरू लागला. पण ज्या पर्किनांच्या शोधाने नैसर्गिक रंगांची बाजारपेठ मोडली, त्यांच्याच मुलाने आपले आयुष्य त्या रंगांच्या अभ्यासाला वाहिले. आर्थर जॉर्ज पर्किन यांनी लीड्समध्ये जे. जे. हमेल यांच्याबरोबर १८९६ मध्ये कांद्याच्या बाहेरच्या सालींतून क्वेर्सेटिन वेगळे केले. भारतातून गेलेल्या कितीतरी रंगद्रव्यांचे पृथक्करण त्यांनी केले. रंगपंचमीला ज्यांचा रंग करतात त्या पळसाच्या फुलांचेही त्यांत होते. १९०४ साली बर्नमध्ये स्टानिस्लाव कोस्टानेत्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्वेर्सेटिन प्रयोगशाळेत घडवले. वनस्पतीतून काढलेला आणि माणसाने बांधलेला पदार्थ सर्व कसोट्यांवर एकच ठरला, तेव्हा त्याच्या संरचनेविषयीची शंका मिटली.

येथे वाचकांना एक प्रयोग सुचवतो. तो स्वयंपाकघरात करता येतो आणि पुस्तकाचे निम्मे रसायनशास्त्र त्यात आलेले आहे. मूठ-दोन मूठ कांद्याच्या कोरड्या साली पाण्यात अर्धा तास उकळा आणि पाणी गाळून घ्या. पांढऱ्या लोकरीचे किंवा सुती कापडाचे तीन तुकडे घ्या. एक तसाच ठेवा, दुसरा आधी तुरटीच्या पाण्यात भिजवा, तिसरा हिराकशीच्या पाण्यात. मग तिन्ही तुकडे सालींच्या पाण्यात गरम करा. साध्या तुकड्यावर फिका, बेभरवशाचा रंग येईल. तुरटीच्या तुकड्यावर खणखणीत पिवळा ते नारिंगी रंग चढेल आणि धुतल्यावरही बराचसा टिकेल. हिराकशीचा तुकडा मात्र शेवाळी-काळपट होईल. साल तीच, पाणी तेच. बदलला तो फक्त धातू. तुरटीतले ॲल्युमिनियम आणि हिराकशीतले लोह क्वेर्सेटिनच्या रेणूला विशिष्ट जागी पकडतात, धाग्यालाही पकडतात आणि त्या पकडीमुळे रेणूने शोषायचा प्रकाशच बदलतो. (प्रयोगाचे भांडे वेगळे ठेवावे, त्यात पुन्हा स्वयंपाक करू नये.)

ती पकड कुठे बसते, हे कळण्यासाठी रेणूची रचना पाहायला हवी. क्वेर्सेटिनमध्ये १५ कार्बन, १० हायड्रोजन आणि ७ ऑक्सिजन अणू असतात. त्याचे रेणुवस्तुमान ३०२ च्या थोडे वर आहे. सांगाडा तीन वलयांचा. दोन बाजूंना दोन बेंझीन वलये, त्यांना ए आणि बी म्हणतात. मध्ये ऑक्सिजन असलेले सी वलय. या सांगाड्यावर पाच ठिकाणी हायड्रॉक्सिल गट बसलेले आहेत. ए वलयावर पाचव्या आणि सातव्या स्थानी, सी वलयावर तिसऱ्या स्थानी आणि बी वलयावर एकमेकांशेजारी दोन. सी वलयाच्या चौथ्या स्थानी कीटोनचा ऑक्सिजन आहे आणि दुसऱ्या व तिसऱ्या कार्बनांमध्ये दुहेरी बंध. एवढा तपशील वाचकांनी कागदावर स्वतःच्या हाताने चितारून घ्यावा आणि पुस्तक वाचताना तो कागद जवळ ठेवावा. पुढे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक गुणधर्माचे स्पष्टीकरण त्या चित्रात सापडते.

तिसऱ्या किंवा पाचव्या स्थानाचा हायड्रॉक्सिल आणि चौथ्या स्थानाचा ऑक्सिजन मिळून धातूच्या आयनाला धरतात. बी वलयावरची जोडीही ते काम करू शकते. रंगाऱ्याच्या तुरटीचे कोडे इथे सुटते. दुहेरी बंधामुळे बी वलय आणि मधले वलय इलेक्ट्रॉनांच्या दृष्टीने जोडलेले राहतात, म्हणून रेणू सुमारे ३७० नॅनोमीटर लांबीच्या तरंगांचा प्रकाश शोषतो आणि आपल्याला पिवळा दिसतो. बी वलयावरचे दोन शेजारी हायड्रॉक्सिल गट मुक्त मूलकाला सहज हायड्रोजन देतात आणि नंतर उरलेला एकाकी इलेक्ट्रॉन सगळ्या वलयांवर पसरून निवळतो. क्वेर्सेटिनला सामर्थ्यशाली अँटिऑक्सिडंट म्हणतात ते या तीन वैशिष्ट्यांच्या एकत्र येण्यामुळे. त्यांपैकी एक काढून घ्या, म्हणजे तिसऱ्या स्थानावर शर्करा बसवा किंवा बी वलयावरचा एक हायड्रॉक्सिल कमी करा, की रेणूचे वागणे बदलते. बी वलयावर एकच हायड्रॉक्सिल असलेला भाऊ म्हणजे केम्फेरॉल, तीन असलेला मिरिसेटिन. हे तिघे शेजारी मांडून त्यांची तुलना करणे हा फ्लॅवोनॉइडांचा उत्तम पहिला धडा आहे.

या विषयात भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी केलेले काम आपल्या विद्यार्थ्यांना अभावानेच माहीत असते, म्हणून त्याविषयी थोडे थांबून लिहितो. फ्लॅव्होनचा सांगाडा प्रयोगशाळेत कसा बांधावा, याची एक देखणी रीत १९३३ च्या सुमारास दोन ठिकाणी स्वतंत्रपणे हाती आली. इंग्लंडमध्ये विल्सन बेकर यांना, आणि लाहोरच्या फोरमन ख्रिश्चन कॉलेजात के. वेंकटरामन व त्यांचे विद्यार्थी महल यांना. अल्कलीच्या सान्निध्यात एस्टरमधला ॲसिल गट ऑक्सिजन सोडून शेजारच्या कार्बनवर सरकतो, त्यातून डायकीटोन तयार होते आणि आम्लाने ते मिटले की मधले वलय पुरे होते. जगभरची पाठ्यपुस्तके या क्रियेला बेकर-वेंकटरामन पुनर्रचना म्हणतात. हेच वेंकटरामन पुढे मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागाचे, म्हणजे माटुंग्याच्या यूडीसीटीचे प्रमुख झाले आणि १९५७ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक. पाषाण रस्त्यावरून रोज जाणाऱ्या कितीजणांना ठाऊक असेल, की वनस्पतींच्या पिवळ्या रंगांचे जागतिक रसायनशास्त्र ज्यांच्या नावाने ओळखले जाते त्यांतले एक गृहस्थ तिथल्या या प्रयोगशाळेच्या आवारात वावरत होते!

त्यांचे समकालीन टी. आर. शेषाद्री यांचे नावही इथे आदराने घ्यायला हवे. आंध्र विद्यापीठात आणि नंतर दिल्ली विद्यापीठात त्यांनी फ्लॅवोनॉइडांवर काम करणारी एक पिढी घडवली. कापसाच्या फुलांतली रंगद्रव्ये हा त्यांच्या सुरुवातीच्या अभ्यासाचा एक विषय होता, आणि त्या फुलांत क्वेर्सेटिनची ग्लायकोसाइडेही, म्हणजे शर्करा जोडलेली रूपेही, असतात. १९६० साली ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. साधनांची चणचण असलेल्या काळात, वर्णपटमापक यंत्रे सहज मिळत नसताना, द्रवणांक, रंगकसोट्या आणि पदार्थाचे पद्धतशीर तुकडे पाडणे यांच्या बळावर या मंडळींनी संरचना ठरवल्या. मॅग्नेशियम आणि संहत हायड्रोक्लोरिक आम्ल टाकताच द्रावण लालसर होणारी शिनोदा कसोटी आजही महाविद्यालयांत करतात. ती करताना तिच्या मागे उभ्या असलेल्या त्या शिस्तीची आठवण ठेवावी, असे मला वाटते.

आता वनस्पतीकडे वळू. झाड हा रेणू कशासाठी बनवते, हा प्रश्न पूर्वी फारसा विचारला जात नसे. फिनाइलअलॅनिन या अमिनो आम्लापासून सुरू होणारी ही निर्मितीची वाट बऱ्यापैकी लांब आहे. कूमारिल गटाला मॅलोनिलचे तीन तुकडे जोडून आधी चाल्कोन तयार होते, मग नॅरिंजेनिन, मग डायहायड्रोक्वेर्सेटिन, आणि शेवटी फ्लॅव्होनॉल सिंथेज हे विकर क्वेर्सेटिन घडवते. एवढा खर्च झाड उगाच करत नाही. अतिनील किरण शोषून पेशींचे रक्षण करणे हे एक काम झाले. मुळा-खोडांतून ऑक्सिनची वाहतूक नियंत्रित करण्यातही या कुळाचा हात आहे. पिट्युनियाच्या परागकणांना रुजण्यासाठी क्वेर्सेटिनचा भाऊ केम्फेरॉल लागतो, हे १९९० च्या दशकात दिसून आले. शेंगवर्गीय पिकांच्या मुळांतून स्रवणारी काही फ्लॅवोनॉइडे रायझोबियम जीवाणूंना गाठी बांधण्याचा निरोप देतात. या शेवटच्या विषयावर पुस्तकात स्वतंत्र प्रकरण आहे. शेतीच्या विद्यार्थ्यांनी ते आधी वाचले तरी चालेल.

कांद्यापुरते बोलायचे तर एक जुनी गोष्ट मला फार मोलाची वाटते. रंगीत कांद्यांना स्मज नावाचा बुरशीजन्य रोग सहसा लागत नाही, पांढऱ्यांना लागतो, असे अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये जे. सी. वॉकर यांच्या ध्यानात आले. कार्ल पॉल लिंक यांच्यासह त्यांनी १९२९ च्या सुमारास दाखवले, की रंगीत कांद्याच्या मेलेल्या कोरड्या सालीतून प्रोटोकॅटेच्युइक आम्ल पाण्यात उतरते आणि बुरशीचे बीजाणू रुजू देत नाही. अशाच सालीत कॅटेकॉलही असते, हे त्यानंतर कळले. वनस्पतीची रोगप्रतिकारशक्ती एका ठरावीक रसायनाशी जोडता आल्याचे हे सुरुवातीच्या काळातले उदाहरण. क्वेर्सेटिनचे ऑक्सिडीकरण झाले की त्यातून हेच आम्ल निघते, हे पुढे कळले. म्हणजे साल वाळताना आतल्या ग्लुकोसाइडांची शर्करा सुटते, मोकळे क्वेर्सेटिन तयार होते, त्याचा काही भाग तुटतो आणि मेलेली साल जिवंत कांद्याची राखण करते. चाळीत कांदा साठवणारे शेतकरी सालीच्या पापुद्र्यांची संख्या आणि रंग का पाहतात, याचा एक धागा इथे लागतो. ताज्या कांद्याच्या आतल्या पाकळ्यांत मात्र क्वेर्सेटिन मोकळे नसते. ते ग्लुकोजच्या एका किंवा दोन रेणूंशी बांधलेले असते. अलिबागच्या पांढऱ्या कांद्यासारख्या पांढऱ्या वाणांत ते अगदीच थोडे. लाल कांद्याच्या लालीला कारण असलेली सायनिडिनची ग्लुकोसाइडे क्वेर्सेटिनची जवळची नातलग आहेत.

औषधी गुणांचा भाग आता येतो. वाचकांपैकी बरेचजण याच भागासाठी पुस्तक हाती घेतील, हे मी जाणून आहे. त्यांचे स्वागत आहे. मात्र या भागात शिरताना पावले सावकाश टाकावीत, अशी माझी विनंती आहे.

१९३६ साली हंगेरीत आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी आणि इश्तवान रुझन्याक यांनी लिंबाच्या व मिरचीच्या अर्कातील फ्लॅवोनॉइडांना केशवाहिन्यांची गळती कमी करणारे ‘जीवनसत्त्व पी’ असे नाव दिले. पुढच्याच वर्षी सेंट-ग्यॉर्गींना नोबेल पारितोषिक मिळाले, ते इतर कामासाठी. जीवनसत्त्व पी मात्र टिकले नाही; या पदार्थांच्या अभावाने होणारा ठरावीक रोग दाखवता येईना, म्हणून १९५० च्या सुमारास ते नाव सोडून देण्यात आले. नंतर दीर्घ शांतता. १९९३ मध्ये नेदरलँड्समधल्या झुटफेन गावच्या ८०५ वृद्ध पुरुषांचा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला आणि विषय पुन्हा जागा झाला. आहारातून फ्लॅवोनॉइडे अधिक घेणाऱ्यांत हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी आढळले. त्या मंडळींच्या आहारातल्या फ्लॅवोनॉइडांपैकी ६१ टक्के चहातून येत होती, १३ टक्के कांद्यातून, १० टक्के सफरचंदांतून. आधीच्या वर्षी त्याच गटाने केलेल्या मोजणीत एक किलो कांद्यात २८४ ते ४८६ मिलिग्रॅम क्वेर्सेटिन भरले होते, इतर बहुतेक भाज्यांच्या मानाने कितीतरी अधिक. अशा अभ्यासातून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही. चहा पिणारा आणि फळे खाणारा माणूस इतरही अनेक बाबतींत वेगळा असू शकतो.

खाल्लेल्या क्वेर्सेटिनचे शरीरात काय होते, हा मला या सगळ्या विषयातला सर्वांत समृद्ध भाग वाटतो. १९९५ मध्ये हॉलमन आणि सहकाऱ्यांनी मोठे आतडे काढलेल्या स्वयंसेवकांना तीन वेगवेगळ्या रूपांत ते दिले. कांद्यातल्या ग्लुकोसाइडांपैकी ५२ टक्के शोषले गेले, शर्करा नसलेल्या शुद्ध क्वेर्सेटिनपैकी २४ टक्के, आणि रुटिन या रूपातून १७ टक्के. ग्लुकोज लागलेले रूप अधिक शोषले जावे, हे तेव्हा अनपेक्षित होते. लहान आतड्याच्या आवरणावरचे दूधसाखर फोडणारे विकर हेच या ग्लुकोजला वेगळे करते, आणि मोकळे झालेले क्वेर्सेटिन तिथल्या तिथे पेशीत शिरते. रुटिनवर दोन शर्करांची वेगळी जोडी असते. तिला हे विकर हात लावत नाही, म्हणून ते मोठ्या आतड्यापर्यंत जाते आणि तिथले जीवाणू ते फोडतात. वलयसुद्धा मोडून त्याची साधी आम्ले करतात.

पेशीत शिरलेले क्वेर्सेटिनही तसेच राहत नाही. आतड्याची भिंत आणि यकृत त्याच्या हायड्रॉक्सिलांवर ग्लुक्युरोनिक आम्ल, सल्फेट किंवा मिथिल गट चढवतात. रक्तात फिरतात ती ही बदललेली रूपे. मूळ क्वेर्सेटिन जवळपास सापडतच नाही. साध्या जेवणानंतर या सर्वांची मिळून रक्तातली संहती बहुधा एका मायक्रोमोलरच्या आतच असते. प्रयोगशाळेतल्या पेशींवर मात्र शुद्ध क्वेर्सेटिन दहा, पन्नास, कधी शंभर मायक्रोमोलर इतके ओतलेले असते. वाचकांनी कोणताही शोधनिबंध उघडला की आधी हे दोन आकडे शोधावेत : कोणते रूप वापरले आणि किती. तेवढ्याने अर्धे दावे आपोआप बाजूला होतात. उरलेल्या अर्ध्यांत खरा रस आहे. जपानमध्ये असे दिसले आहे, की धमनीतल्या मेदाच्या थरात साचलेल्या भक्षक पेशी ग्लुक्युरोनिक आम्ल चढलेले हे रूप आत घेतात आणि त्याचे पुन्हा क्वेर्सेटिन करतात. तसे असेल, तर रक्तातला थोडकेपणा ही पूर्ण हकीकत नव्हे. जिथे दाह आहे तिथे रेणू पुन्हा उघडा होत असेल.

अँटिऑक्सिडंट या शब्दावर या पुस्तकाने मर्यादित भर दिला आहे आणि त्याबद्दल मी लेखकाचे अभिनंदन करतो. क्वेर्सेटिन परीक्षानळीत मूलके निष्प्रभ करते हे खरेच आहे. पण पेशी वाढवण्याच्या माध्यमात ते स्वतःच ऑक्सिडीकृत होऊन हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करते, आणि मग पेशी मेल्या त्या क्वेर्सेटिनने की पेरॉक्साइडने, हे ठरवायला पेरॉक्साइड फोडणारे कॅटालेज हे विकर घालून पुन्हा प्रयोग करावा लागतो. ते विद्राव्यही फारसे नाही. जास्त संहतीला त्याचे सूक्ष्म गोळे होतात आणि ते भेटेल त्या प्रथिनाला गुंडाळून त्याचे काम थांबवतात. औषधशोधाच्या चाचण्यांना चकवणाऱ्या पदार्थांत क्वेर्सेटिनचे नाव यामुळेच येते. तरुण संशोधकांनी हे दोष आधी समजून घ्यावेत. त्यामुळे रेणूचे मोल घटत नाही. त्याचे काय खरे आणि काय भास, हे सांगण्याची ताकद आपल्याला येते.

खऱ्या गोष्टी भरपूर आहेत. सपाट वलयांचा हा रेणू अनेक किनेज विकरांच्या खाचेत, जिथे एरवी एटीपी बसतो तिथे, बसतो आणि हे स्फटिकचित्रांतून प्रत्यक्ष पाहिले गेले आहे. १९९४ मध्ये एली लिली कंपनीच्या शास्त्रज्ञांनी क्वेर्सेटिनला नमुना मानून एलवाय २९४००२ हा पदार्थ घडवला. पीआय-३ किनेज अडवणारा तो पदार्थ पुढे पेशीशास्त्राच्या प्रयोगशाळांत सर्रास वापरात आला. याच्या शेजारी ठेवण्याजोगी गोष्ट मुंबईची आहे. हेक्स्ट कंपनीच्या मुंबईतल्या संशोधन केंद्रात पश्चिम घाटात वाढणाऱ्या डायसोक्सायलम बायनेक्टरीफेरम या वृक्षातून रोहितुकिन हा क्रोमोन अल्कलॉइड वेगळा केला गेला, आणि त्याच्या आधारे फ्लॅव्होनचा सांगाडा असलेले फ्लॅव्होपिरिडॉल तयार झाले. पेशीविभाजन चालवणारी किनेजे रोखणाऱ्या औषधांपैकी माणसांवर चाचणी झालेले ते अगदी आरंभीचे. सह्याद्रीतले झाड आणि कर्करोगाच्या रुग्णालयातली चाचणी यांच्यामधले अंतर किती प्रयोगशाळांनी मिळून कापले, हे पुस्तकातल्या या विषयाच्या प्रकरणात सविस्तर आहे.

माणसांवरच्या चाचण्यांबद्दल थोडक्यात सांगतो. यूटामध्ये २००७ साली वाढलेला रक्तदाब असलेल्यांना रोज ७३० मिलिग्रॅम क्वेर्सेटिन चार आठवडे दिल्यावर वरचा दाब सरासरी ७ आणि खालचा ५ मिलिमीटरने उतरला. २०१९ मध्ये दासाटिनिब या औषधाच्या जोडीने ते फुप्फुसांच्या फायब्रोसिसच्या १४ रुग्णांना देऊन पाहिले गेले. थकलेल्या, विभाजन थांबलेल्या पेशी काढून टाकता येतात का, हा त्यामागचा प्रश्न. या छोट्या, पहिल्या पायरीच्या चाचण्या आहेत. दुसऱ्या बाजूला, एम्स चाचणीत क्वेर्सेटिन जीवाणूंच्या जनुकांत बदल घडवते असे १९७० च्या दशकात दिसले आणि काही काळ घबराट पसरली. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९९ मध्ये ते तिसऱ्या गटात टाकले, म्हणजे माणसांत कर्करोग घडवते की नाही याचे वर्गीकरण करता येत नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०११ मध्ये, पेशींचे ऑक्सिडीकरणापासून रक्षण करण्याचा दावा पुराव्याने सिद्ध होत नसल्याचा निर्णय दिला. हे पुस्तक गोळ्या घेण्याचा सल्ला देत नाही. क्वेर्सेटिन इतर औषधांच्या चयापचयात ढवळाढवळ करू शकते, म्हणून नियमित औषध घेणाऱ्या वाचकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तसा विचारही करू नये. कांदा खायला कोणाची परवानगी लागत नाही. फक्त सोलताना बाहेरच्या मांसल पाकळ्या कमीत कमी काढाव्यात, कारण हा रेणू तिथेच जास्त असतो, आणि उकडल्यास पाणी ओतून देऊ नये.

पुस्तक कसे वाचावे, याबद्दल दोन शब्द. रसायनशास्त्राची सवय असलेल्यांनी क्रमाने जावे. वैद्यक किंवा पोषणशास्त्रातून येणाऱ्यांनी शोषणाचे प्रकरण आधी वाचून मग संरचनेकडे परतले तरी धागा तुटणार नाही. मात्र संरचना वगळू नये. शाळेनंतर विज्ञान सुटलेल्या वाचकांनी रंगांचे आणि कांद्याचे प्रकरण घ्यावे, वर सांगितलेला प्रयोग करावा आणि समीकरणांपाशी अडल्यास खुशाल पुढे जावे. दुसऱ्या वाचनात ती समीकरणे तितकी परकी राहत नाहीत. मराठीत पारिभाषिक शब्द कुठे विश्वकोशातले घेतले आहेत, कुठे प्रयोगशाळेत बोलले जाणारे तसेच ठेवले आहेत. मला हा व्यवहार योग्य वाटतो.

शेवटी महाविद्यालयांतल्या आणि कृषी विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांशी बोलतो. वनस्पतींच्या अर्कात ॲल्युमिनियम क्लोराइड घालून ‘एकूण फ्लॅवोनॉइडे, क्वेर्सेटिनच्या तुलनेत’ असा एक आकडा काढणे सोपे आहे, आणि प्रबंधांत तो खूप दिसतो. तो आकडा म्हणजे रंगाऱ्याची तुरटीच; त्यातून कोणता रेणू, कोणत्या शर्करेसह, हे कळत नाही, आणि शोषण तर त्यावरच अवलंबून असते. राजगुरुनगरला कांदा व लसूण संशोधन संचालनालय आहे, निफाडचा एन-२-४-१ आणि पिंपळगावचा बसवंत ७८० हे वाण हाताशी आहेत, चाळी गावोगाव आहेत. कोणत्या वाणात कोणते ग्लुकोसाइड किती, चाळीत सहा महिने राहिल्यावर ते किती बदलते, फोडणीत परतल्यावर आणि झुणक्यात शिजल्यावर किती उरते, हे एकेक रेणू वेगळा करून मोजा. स्तंभ-वर्णलेखनाची यंत्रे आता जिल्ह्याच्या ठिकाणीही मिळतात. हे पुस्तक वाचून तुमच्यापैकी काहीजणांनी ते काम हाती घ्यावे, आणि निष्कर्ष मराठीतही लिहावेत.